आमची ठकी: हट्टी मांजरीबरोबर एका घरात राहताना

रानजाई

नमस्कार. गेले वर्षभर जो प्रश्न आम्ही घरातल्या घरात सोडवू पाहत आहोत, तो आज इथे सविस्तर मांडते. आमच्याकडे ठकी नावाची कबरी मांजर आहे. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात, पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या वाहनतळात, एका स्कूटरखाली ती भिजून बसलेली सापडली, तेव्हा ती माझ्या तळहातावर मावत होती. आता ती दीड वर्षाची आहे. सहा महिन्यांची झाल्यावर तिची नसबंदी करून घेतली आणि लसीही वेळच्या वेळी दिल्या जातात. तब्येत उत्तम आहे. प्रश्न आहे तो तिच्या स्वभावाचा.

ठकीला जे हवे असते ते ती मिळवतेच. पहाटे चारला ती माझ्या उशीशी येऊन बसते आणि आधी हलकेच गुरगुरते. मी उठले नाही तर केस ओढते आणि तरीही उठले नाही तर कपाटावर चढून तिथली एकेक वस्तू खाली ढकलते. ढकलण्यापूर्वी दर वेळी माझ्याकडे वळून पाहते. झोपण्याच्या खोलीचे दार लावून घेतले, तर आडव्या दांड्याच्या हँडलवर उडी मारून लोंबकळते आणि दार उघडून आत येते. ओट्यावरून दिवसातून दहा वेळा उतरवले, तर अकराव्यांदा ती पुन्हा तिथेच असते. पडदे, सोफ्याची बाजू आणि मुलीच्या दप्तराचा पट्टा यांवर तिने नखांनी आपली मालकी सांगितलेली आहे. मांडीवर आपण होऊन येते, अंगावरून हात फिरवून घेते आणि पाच मिनिटांनी अचानक वळून चावते.

हे सारे मी सोसले असते, पण खरी अडचण देवघराची आहे. सासूबाई संध्याकाळी समई लावतात. ठकीला त्या ज्योतीचे आणि फुलवातींचे विलक्षण आकर्षण आहे. दोन महिन्यांपूर्वी तिने तबकातल्या वाती पळवल्या. गेल्या पंधरवड्यात समई कलंडली आणि चौरंगावरचे वस्त्र जळाले. सासूबाई तिथेच होत्या म्हणून अनर्थ टळला. त्यांचे वय त्र्याहत्तर आहे आणि त्या मनातून घाबरल्या आहेत. "हिला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून या, आमच्या गावाकडे असेच करायचे," असे त्या म्हणाल्या. त्यांचा राग मला समजतो. सातवीतली माझी मुलगी मात्र त्या दिवसापासून ठकीला एक क्षणही नजरेआड होऊ देत नाही.

आम्ही ओरडून पाहिले, अंगावर पाण्याचा फवारा मारून पाहिला, खोलीत कोंडूनही पाहिले. तिच्यात तसूभर फरक पडला नाही, फक्त ती माझ्या यजमानांपासून दूर पळू लागली. ज्यांनी असे मांजर सांभाळले आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. तिला घराबाहेर काढायचे नाही, एवढे माझ्यापुरते नक्की आहे.

सागरवेळ

रानजाई ताई, मी रत्नागिरीजवळच्या गावातून लिहीत आहे. आमच्या घरात आजोबांच्या काळापासून मांजरे आहेत आणि सध्या एक भाटी व एक बोका आहे. नखांच्या बाबतीत माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून तेवढेच आधी सांगतो.

मांजर नखे घासते ते सोफा फाडण्यासाठी नसते. नखांवरची जुनी टरफले त्याने गळून पडतात, पाठीचा कणा ताणला जातो आणि पंजांमधल्या ग्रंथींचा वास त्या जागी उतरतो. म्हणून ते थांबवता येत नाही. फक्त त्याची जागा बदलता येते. बाजारात मिळणारे फूटभर उंचीचे खांब बहुतेक मांजरे नाकारतात, कारण त्यावर पूर्ण अंग ताणता येत नाही आणि जोर लावला की ते डुगडुगतात. मी जुन्या पोफळीचा अडीच फुटांचा तुकडा जाड फळीवर घट्ट ठोकला आणि त्यावर सुंभ गुंडाळला. नारळाच्या काथ्याचा साधा दोर. पुण्यातही बुरूड किंवा दोरखंडवाल्यांकडे तो सहज मिळेल. तो दोर फेरे एकमेकांना चिकटतील असा आवळून गुंडाळावा आणि खांब जिथे ती आज ओरबाडते नेमका तिथेच, सोफ्याला खेटून उभा करावा. कोपऱ्यात नेऊन ठेवला तर ती त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही, कारण आपली खूण तिला घरातल्या माणसांच्या वाटेवरच ठेवायची असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो; आमच्या भाटीने मात्र तोच पीळ चार वर्षे नखांनी सोडवत आणला आहे आणि घरातली एकही खुर्ची तिने पुन्हा फाडलेली नाही.

खोकलीचे रोप पावसाळ्यात कुठेही उगवते. ते उपटले की मुळाच्या वासाने आमची मांजरे त्याभोवती लोळतात. नव्या खांबाकडे ओढ लागावी म्हणून मी ते मूळ एकदा त्यावर घासले होते.

बाकी, मांजर दिवसातून दोन तास मोकळे सोडले तर निम्म्या खोड्या आपोआप कमी होतात असे मला वाटते. शहरात ते कसे जमवायचे हे तुम्हीच ठरवा.

पिंपळपान

नमस्कार. मला आहाराबद्दल सुचवायचे आहे. आमच्या घरी मांसाहार होत नाही, त्यामुळे आमच्या मनीला दहीभात आणि दूधपोळी देतो. ती शांत आहे आणि दिवसभर झोपून असते. ठकीला चिकन देत असाल तर ते बंद करून पाहावे. आहाराचा स्वभावावर परिणाम होतो, असे आमच्या घरातली वडीलधारी माणसे सांगतात.

कडुनिंब

मी पशुवैद्यक आहे आणि बरीच वर्षे लहान जनावरांवरच उपचार करत आलो आहे. पिंपळपान यांचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, तरीही त्यांचा सल्ला कोणी अमलात आणू नये, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही; ते मांसातून किंवा मासळीतूनच मिळवावे लागते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ताणून कमकुवत होतात. हृदयविकाराचे हे कारण 1987 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले आणि त्यानंतर जगभर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरीन वाढवले गेले. वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दूधही नीट पचत नाही. दहीभातावर वाढलेली मांजर दिवसभर पडून राहत असेल तर तो स्वभाव आहे की अशक्तपणा, हे तपासून घ्यायला हवे. पिंपळपान ताई, कृपया मनीला एकदा जवळच्या दवाखान्यात दाखवा. घरी मांस शिजवणे शक्य नसेल तर मांजरांसाठीचे संपूर्ण पोषणाचे तयार खाद्य पाकिटातून थेट वाडग्यात घालता येते. अनेक शाकाहारी घरे हाच मार्ग धरतात.

आता ठकीबद्दल. रानजाई ताई, तुम्ही ओरडून, फवारा मारून आणि कोंडून पाहिलेत, आणि फक्त तुमच्या यजमानांशी तिचे बिनसले. हेच घडणार होते. शिक्षेचा संबंध मांजर आपल्या कृतीशी जोडत नाही; ती शिक्षा करणाऱ्या माणसाशी जोडते. ओटा तिला आजही तितकाच प्रिय आहे, फक्त फवारा हातात असलेला माणूस नकोसा झाला आहे.

यामागे मोठा इतिहास आहे. कुत्र्याला माणसाने हजारो वर्षे राखणीसाठी, शिकारीसाठी, मेंढरे वळवण्यासाठी निवडून वाढवले आणि दर पिढीत सांगितलेले ऐकणारी जनावरे पुढे ठेवली. मांजराच्या बाबतीत अशी निवड जवळजवळ झालीच नाही. धान्याच्या कोठारांवर उंदीर आले, उंदरांमागे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतले रानमांजर आले आणि माणसाच्या वस्तीत आपल्या सोयीने राहिले. घरोघरची मांजरे याच रानमांजराची वंशज आहेत, हे 2007 च्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे, इतकी ही सोबत जुनी आहे. एवढ्या काळात आज्ञा पाळणे हे त्याच्याकडून कोणी मागितलेच नाही. तोक्योतल्या सोफिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवले की पाळीव मांजरे आपले नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखतात. म्हणजे ठकीला तुमची हाक कळते. यायचे की नाही, हे ती ठरवते.

म्हणून माझा सल्ला असा, की तिला "नको" शिकवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. ती जी गोष्ट करते त्यातून तिला काय मिळते ते शोधावे आणि तेच तिला दुसऱ्या, तुम्हाला चालेल अशा जागी मिळवून द्यावे.

ओट्यावरून तिला उंची मिळते, खिडकी दिसते आणि तुम्ही काय करता ते दिसते. स्वयंपाकघरात ओट्यापेक्षा उंच अशी एक फळी खिडकीशेजारी लावा आणि तिचे थोडे खाणे तिथेच द्या. ओट्यावर मात्र उघडे अन्न किंवा तापलेला तवा ठेवू नका आणि गॅसची बटणे झाका.

वस्तू ढकलण्यामागे दोन कारणे असतात. मांजराचा पंजा हे त्याचे चाचपून पाहण्याचे साधन आहे. हललेली वस्तू जिवंत आहे का, हे ते तपासत असते. दुसरे असे, की वस्तू पडताच घरातले माणूस धावत येते, हे तिने शिकून घेतलेले आहे. ती वळून पाहते ते याचसाठी.

पहाटेचे जागे होणे हा तिच्या शरीराचा ठरलेला क्रम आहे. मांजर मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला शिकार करणारे जनावर आहे, कारण त्या वेळी उंदीर बाहेर पडतात. तुम्ही ज्या गुरगुरण्याचा उल्लेख केलात त्यावरही 2009 मध्ये ससेक्स विद्यापीठात संशोधन झाले. अन्न मागताना काही मांजरे गुरगुरण्यातच एक बारीक, रडण्यासारखा स्वर मिसळतात आणि माणसाच्या कानाला तो दुर्लक्ष करता येणार नाही इतका निकडीचा वाटतो. तुम्ही उठता यात तुमची चूक नाही.

यावर उपाय रात्री करायचा असतो. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे काठीला पीस बांधून तिला खेळवा. पीस तिच्या तोंडासमोर नाचवू नका. उंदीर जसा तिच्यापासून दूर पळतो, पलंगामागे दडतो, थांबतो आणि पुन्हा सटकतो, तसे ते न्या. शेवटी तिला ते पकडू द्या आणि लगेच दिवसातले मोठे जेवण द्या. दबा धरणे, झेपावणे, पकडणे, खाणे, मग अंग चाटून झोपणे, हा तिचा नैसर्गिक क्रम आहे. लेझरच्या ठिपक्यामागे पळवू नका, कारण तो कधीच पकडता येत नाही आणि मांजर चिडचिडे होते.

आणि एक गोष्ट मी अतिशय गांभीर्याने सांगतो. तुम्ही लिहिलेत की ठकीने वाती पळवल्या. त्या गिळल्या होत्या का? मांजराची जीभ आतल्या बाजूला वळलेल्या काट्यांची असते. दोरा, लोकर, राखी, वात असे काही एकदा जिभेवर आले की ते बाहेर टाकणे तिला अवघड जाते आणि ते आत सरकत राहते. लांब दोरा आतड्यात अडकला तर आतडे कापले जाऊ शकते. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नये, तसेच दवाखान्यात आणावे. खेळण्याचे पीससुद्धा खेळ संपल्यावर कपाटात ठेवावे. घरात पॅरासिटामॉलची गोळी खाली पडू देऊ नका, कारण एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. लिलीची फुले फुलदाणीत नकोत. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त पिसवांचे औषध मांजराला लावू नये.

रानजाई

कडुनिंब डॉक्टर, मनापासून आभार. वाती तिने चघळून टाकल्या होत्या आणि आम्ही सगळ्या मोजून गोळा केल्या; तरी यापुढे फुलवातींचा डबा कुलपात राहील. दोन शंका आहेत. पहाटे मी उठलेच नाही तर ती किती दिवस प्रयत्न करत राहील? आणि लाडात असताना ती चावते, ते का?

कडुनिंब

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना धीर ठेवा. ज्या गोष्टीने आजवर फळ मिळाले ती निष्फळ ठरू लागली की मांजर आधी प्रयत्न दुप्पट करते. पहिल्या आठवड्यात ठकी आजच्यापेक्षा जास्त आवाज करेल. त्या काळात एकदाही उठून खाणे दिले, रागावण्यासाठी जरी उठलात, तरी तिला एवढेच कळेल की चिकाटी वाढवली की काम होते, आणि पुढच्या वेळी ती तिथूनच सुरुवात करेल. कपाटावरच्या फुटणाऱ्या वस्तू आधीच काढून ठेवा. जमल्यास वेळ लावून उघडणारे खाण्याचे यंत्र घ्या, म्हणजे पहाटेच्या खाण्याचा तुमच्याशी संबंध उरणार नाही.

चावण्यापूर्वी ती सूचना देत असते. शेपटीचे टोक आपटू लागते, कान मागे वळतात, पाठीवरची कातडी थरथरते. सतत एकाच जागी हात फिरवल्याने काही मांजरांना तो स्पर्श असह्य होतो. हनुवटी, गाल आणि कानांच्या मागे हात फिरवा, पोटाला लावू नका आणि तिला आणखी हवे असे वाटत असतानाच थांबा. यजमानांना एक सांगा: तिच्याकडे रोखून न पाहता डोळे अर्धवट मिटून हळूच उघडावेत आणि हात पुढे न करता बसून राहावे. ससेक्स विद्यापीठाच्याच 2020 च्या अभ्यासात असे डोळे मिटणाऱ्या माणसाजवळ मांजरे अधिक सहज आलेली दिसली.

निळीशाई

सासूबाईंच्या वाक्यावर मला लिहायचे आहे. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहीत आहे, कारण माझ्या घरीही असेच म्हणत आणि असेच करत.

मी दहा वर्षांचा होतो. आमचे घर सांगलीकडच्या एका गावात, नदीपासून थोड्या अंतरावर होते. आमच्याकडे एक काळी मांजर होती आणि त्या पावसाळ्यात ती अचानक अनावर झाली. माळ्यावर चढू दिले नाही की ती ओरडे, शिडी काढून ठेवली तर भिंतीवरच्या खुंट्यांवरून चढे, हाकलायला गेलेल्या काकांच्या हातावर तिने ओरखडे काढले. माळ्यावर वर्षाचे धान्य आणि पापड-कुरडयांचे डबे असत, त्यामुळे तिथे तिने घाण करू नये अशी सगळ्यांची काळजी होती. चार दिवस हा झगडा चालला. पाचव्या दिवशी वडिलांनी तिला पोत्यात घातले, सायकलला बांधले आणि नदीपलीकडे सोडून आले. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पोते उघडल्यावर ती पळाली नाही. ती काठाशी येऊन पाण्याकडे तोंड करून ओरडत उभी राहिली.

दोन दिवसांनी माळ्यावरून बारीक आवाज येऊ लागले. कडब्याच्या पेंढ्यांमागे चार पिल्ले होती. दोन गेलेली होती. आजीने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून उरलेली दोन जगवण्याचा प्रयत्न केला आणि त्यातले एक जगले. वडील दुसऱ्या दिवशी पुन्हा नदीपलीकडे गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. ती सापडली नाही. जगलेले पिल्लू पुढे बारा वर्षे आमच्या घरात राहिले आणि वडिलांनी त्याला माळ्यावर जाण्यापासून कधीही अडवले नाही.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. ती त्यांना सुरक्षित जागा शोधत असते. आम्ही ज्याला चार दिवस तिचा हट्ट म्हटले, त्यामागे हे होते. ठकीची नसबंदी झालेली असल्याने तसे कारण नाही हे मला ठाऊक आहे, तरीही ती ज्या गोष्टीसाठी जिवाच्या आकांताने धडपडते तिथे एकदा थांबून पाहावे, एवढे मला त्या प्रसंगाने शिकवले. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमारीच्या धोक्यात जनावराला विनाकारण सोडून देणे हा गुन्हाही आहे. पण सासूबाईंना कायदा सांगू नका. जमल्यास ही हकिकत वाचून दाखवा.

गॅलरीतला मोगरा

निळीशाई, तुमचे लिखाण वाचून बराच वेळ काही सुचले नाही.

मी सागरवेळ यांच्या एका मुद्द्यावर लिहिते. आम्ही ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो. शहरातल्या मांजराला मोकळे सोडले तर गाड्या, भटके कुत्रे आणि रोगांची लागण हे धोके खरेच मोठे आहेत. मात्र दार बंद ठेवूनही खिडकी राहते. मांजर उंचावरून पडले तरी पायांवर उतरते असे म्हणून लोक निर्धास्त राहतात. ते हवेत वळते हे खरे आहे. न्यूयॉर्कमधल्या उंच इमारतींवरून पडून दवाखान्यात आणलेल्या 132 मांजरांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ज्यांच्यावर उपचार झाले त्यांपैकी 90 टक्के वाचली, पण छातीला मार, तुटलेले दात, फाटलेला टाळू आणि मोडलेले पाय अशा जखमा त्यांत मोठ्या प्रमाणात होत्या. शिवाय जी जागीच गेली ती दवाखान्यापर्यंत आलीच नव्हती.

आमचा बोका चौथ्या महिन्यातच कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कुरतडून कठड्यावर जाऊन बसला होता. त्या दिवसानंतर आम्ही सबंध गॅलरीला पोलादी तारेची जाळी बसवली. आत मोगरा, गवती चहा आणि एका कुंडीत गव्हाचे कोवळे गवत आहे. त्याला ऊन, वारा, कबुतरांचे दर्शन आणि कुरतडायला गवत मिळते. सागरवेळ म्हणतात ते मोकळेपण शहरात इतपत देता येते आणि त्याच्या खोड्या त्यानंतर खरोखर कमी झाल्या. ताई, तुमचे घर दुसऱ्या मजल्यावर असले तरी जाळी लावाच.

दाराच्या हँडलसाठी सुताराला बोलावून ते उभे फिरवून घ्या. दांडा वरच्या दिशेने राहिला की लोंबकळून दार उघडत नाही.

सागरवेळ

मोगरा ताई, तुमचे म्हणणे पटले. माझ्या डोळ्यांसमोर आमची वाडी होती, सोसायटीचा रस्ता नव्हता. आमच्याकडेही दोन वर्षांपूर्वी एका बोक्याला घोणस चावली आणि तो वाचला नाही, हे मी आधी लिहायला हवे होते.

रानजाई

साडेपाच आठवड्यांनंतर पुन्हा लिहीत आहे. उशीर झाला, पण काही सांगण्यासारखे झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पहाटेचा प्रश्न आधी सांगते. डॉक्टरांनी सांगितले तसेच झाले. पहिले सहा दिवस अतिशय कठीण गेले आणि तिसऱ्या पहाटे मी जवळजवळ उठलेच होते; मुलीने माझा हात धरून ठेवला. सातव्या दिवशी ठकीने उशीशी येऊन नेहमीसारखी गुरगुर केली, थोडा वेळ वाट पाहिली आणि माझ्या पायांशी जाऊन झोपली. आता ती साडेपाचला उठते. रात्रीचा खेळ मुलगी घेते. दार आता तिच्याने उघडत नाही, कारण हँडल उभे करून घेतले आहे. तिने चार दिवस प्रयत्न केला आणि मग रिकाम्या कपाटावर आपली झोपण्याची जागा केली.

सुंभाचा खांब यजमानांनी स्वतः तयार केला. रविवार पेठेतून दोर आणला आणि दुपारभर बसून गुंडाळला. तिचे-त्यांचे बिनसलेले होते, पण ते काम करताना ती पलीकडच्या खुर्चीवरून पाहत होती आणि दोराचे टोक हलले की खाली उतरत होती. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली. त्यांनी त्या दिवसापासून फवारा उचललेला नाही. सोफ्याची एक बाजू ती अजूनही अधूनमधून ओरबाडते. चावणे खूप कमी झाले आहे, कारण आम्हाला तिची शेपटी वाचता येऊ लागली आहे.

देवघराबद्दल. मी निळीशाई यांची हकिकत सासूबाईंना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून त्यांच्या माहेरचा पितळी लामणदिवा काढायला सांगितला. तो चिंचेने घासून लखलखीत केला आणि देवघरासमोरच्या छताला, ठकी कुठूनही उडी मारून पोहोचणार नाही अशा जागी, साखळीने टांगला. समई आता फक्त सणाला, सगळे जण घरात असताना लावायची, असे त्यांनी स्वतःच ठरवले.

तेवढ्याने ठकीचे देवघराशी जाणे थांबले नाही. तिला ज्योतीइतकेच सासूबाईंजवळ बसायचे असते, हे तेव्हा आमच्या लक्षात आले. दिवसभरात त्या एरवी कामात किंवा फिरायला गेलेल्या असतात आणि एका जागी स्वस्थ बसतात त्या फक्त संध्याकाळी. त्यांनी तिच्यासाठी एक जुना पाट देवघराच्या डावीकडे मांडला आहे. पहिले काही दिवस ठकी पाटावर बसे आणि लगेच उठून तबकाशी येई. सासूबाई तिला उचलत, पाटावर ठेवत आणि पुन्हा स्तोत्र म्हणायला लागत. एका संध्याकाळी मी मोजले, त्यांनी तिला चौदा वेळा उचलून ठेवले होते आणि एकदाही आवाज चढवला नव्हता. आता ती पाटावर पाय दुमडून बसते आणि वर टांगलेल्या दिव्याकडे डोळे बारीक करून पाहत राहते. काल सासूबाईंना सर्दी झाली होती म्हणून त्या लवकर झोपल्या, तेव्हा दिवा मी लावला. ठकी पाटावर आली, माझ्याकडे पाहिले आणि उठून त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसली.